डोक्यावर हातभर माती

मे महिन्यात रात्री अकरा वाजता ठाण्याजवळच्या दिव्यातल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर पंखा गरम वाराच खाली ढकलतो. छताला हात लावला तर ते अजून कढत असतं. दुपारभर स्लॅबने पोटात घेतलेलं ऊन रात्री आमच्या अंगावर उतरतं. तेव्हा मराठवाड्यातलं आजोळ आठवतं. माळवदाचं घर, लाकडी कडीपाट, वर हातभर पांढरी माती. बाहेर फुफाटा पेटलेला आणि आजी माजघरात वाकळेवर गाढ झोपलेली.

मातीतून उष्णता फार सावकाश पुढे सरकते. हातभर थर ओलांडायला तिला दहा-बारा तास लागतात, आणि तोवर तिचा जोर जवळजवळ सरलेला असतो. दुपारची झळ आत पोचते ती मध्यरात्रीनंतर, तीही नावापुरती. खोल जावं तसे ऋतूंचे चढउतारही विरतात. आठ-दहा मीटरखाली तापमान वर्षभराच्या सरासरीपाशी स्थिरावतं. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीचे लोक म्हणूनच जमिनीखाली घरं कोरून राहतात. बाहेर चाळिशी ओलांडली तरी आत चोविसाच्या आसपास!

मग दिव्यातही खाली जावं का? मला नाही वाटत. इथली सरासरीच सत्तावीसच्या घरात. दमट हवा तळघरात गार झाली की तिची आर्द्रता आणखी चढते, भिंतींना बुरशी धरते. शिवाय खाडी शेजारी, खाजणाची जमीन. थोडं खणलं की पाणी. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं जमिनीत खणलेली आहेत. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, पण २००५च्या महापुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं निकामी झाली. उलट मुंबईच्या कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी टिकली, कारण ती डोंगराच्या अंगात उंचावर कोरली आहेत आणि पाणी वाहून जायला उतार आहे.

म्हणून आपल्याला घ्यायचं ते माळवदाकडून: माती पायाखाली नको, डोक्यावर हवी. मात्र एक चौरस मीटरवर फूटभर ओली माती म्हणजे पाचशे किलोंहून जास्त वजन. जुन्या चाळीच्या स्लॅबवर ते टाकणं जिवावर बेतेल. नवीन इमारतीचा आराखडा काढतानाच तो भार आणि त्याखालचा जलरोधक थर धरावा लागतो. माळवदालाही पावसाळ्याआधी नवी माती चढवावी लागायची.

आमच्या गच्चीवर यंदा आम्ही पांढरा चुना मारलाय. तो ऊन परतवतो, अडवून धरत नाही. काल रात्री अकराला छताला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवता आला.