मॅट्रिकआधी भाकरी

गरिबाचं पोर शाळेत येतं. दहावीपर्यंत टिकत नाही. घरातलं कमावतं माणूस अंथरुणाला खिळलं की नववीतला मुलगा सांगलीच्या हळदीच्या पेठेत पोती उचलतो, नाहीतर गॅरेजात पाना धरतो. या गळतीवर सातारा-सांगलीच्या टापूत जुन्या काळीच दोन वाटांनी उपाय शोधला गेला.

पहिली वाट ख्रिस्ती मिशनची. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय उभारलं, ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच मिशनची सांगलीतली औद्योगिक व शेतकी शाळा मात्र विस्मरणात गेली. जॉन गोहीन तिचे प्राचार्य होते. उपाशी पोराच्या हाती नुसती पाटी देऊन भागत नाही, कसबही द्यावं लागतं, हे या शाळेनं ओळखलं होतं. अडचण दुहेरी होती. पैसा परदेशातल्या चर्चकडून यायचा, आणि शाळेमागून धर्मांतर येईल ही धास्ती पालकांना असायची.

दुसरी वाट भाऊराव पाटलांची. कुंभोजला 1887 साली जन्मलेल्या भाऊरावांनी किर्लोस्करांचे नांगर विकत खेडी पालथी घातली होती. आधी मिरज तालुक्यातल्या दूधगावात वसतिगृहाचा प्रयोग झाला, मग 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यात आली. तिथल्या वसतिगृहाला 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. इथं मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एका पंगतीला बसत. पाणी भरणं, स्वयंपाक, शेतातली खुरपणी हे सगळं त्यांच्याच अंगावर. धान्य गावोगावच्या रयतेकडून जमायचं. एकदा कोठी रिकामी झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं.

पुढची पायरी 1940 ची. रयत संस्थेच्या साताऱ्यातल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात ‘कमवा आणि शिका’ थेट मॅट्रिकला जोडलं गेलं. कष्ट करणारा मुलगा इथं कुणाच्या दयेवर नव्हता. त्याची फी त्याच्या घामातून जात होती.

दोन्ही वाटांचा हिशेब एकच गोष्ट सांगतो. पोराला राहायला जागा, पोटाला अन्न आणि ज्याची लाज वाटणार नाही असं काम दिलं, तर ते शिकतं. आज शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो. त्यानंतर शाळा सुटलेल्यांसाठी 17 नंबरचा फॉर्म आहे. तो परीक्षेला बसू देतो, पण अभ्यासाला दिवा आणि रात्रीचं जेवण देत नाही. शहरातल्या पेठेत राबणाऱ्या मुलाला दहावी करायची असेल, तर त्याच्या कामाच्या ठिकाणाजवळच वसतिगृह आणि रात्रीचे वर्ग हवेत. त्यासाठी नवी योजना शोधत बसायला नको. साताऱ्यानं अशी योजना आधीच चालवून दाखवली आहे.