तापातली आकडी आणि एक जनुक

ताप चढलेलं मूल अचानक ताठ होतं, डोळे फिरवतं, हातपाय झाडू लागतं. घरात कुणी कांदा फोडतं, कुणी चप्पल हुंगवतं आणि आकडी थांबली की आईला विचारलं जातं, "ताप एवढा वाढेपर्यंत तू करत काय होतीस?" हा प्रश्न अन्यायाचा आहे. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. पुष्कळदा ती घराण्यात चालत आलेली असते. काही मोजक्या घराण्यांत तिचं मूळ एका जनुकात सापडलं आहे.

पाचव्या गुणसूत्रावरचं हे जनुक म्हणजे जीएबीआरजी२. मेंदूतल्या पेशींना आवरणारं मुख्य रसायन गाबा. ते पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटलं की त्याच्या मधली वाट उघडते, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते. हा रिसेप्टर पाच प्रथिनांचा बनतो. बहुधा दोन अल्फा, दोन बीटा, एक गॅमा. गॅमा-२ कसं घडवायचं, ते हे जनुक सांगतं. २००१ साली एका फ्रेंच आणि एका ऑस्ट्रेलियन कुटुंबात त्यातले दोष सापडले. दोन्हीकडे प्रथिनातलं जेमतेम एक अमिनो आम्ल बदललेलं होतं.

पण तापच का निमित्त होतो? अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचं तापमान ३७ वरून ४० अंशांवर नेलं. निरोगी रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर टिकून राहिले. सदोष गॅमा-२ असलेले मात्र थोड्याच वेळात कमी झाले. म्हणजे ताप चढतो तेव्हाच मेंदूचा आवर सुटत असावा. मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं, कारण त्यात आईचा दोष कुठेच नाही.

आकडी थांबवायला डॉक्टर नाकात मिडाझोलाम फवारतात, तेही याच रिसेप्टरवर, अल्फा आणि गॅमा यांच्या सांध्यात काम करतं.

तापात आकडी येणाऱ्या बहुतेक मुलांत हा दोष नसतो आणि बहुतेकांना पुढे अपस्मारही होत नाही. तेव्हा घाबरू नका. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, घड्याळ बघा. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना गाठा. थांबली तरी, पहिलीच वेळ असेल तर, मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.