नवं तोंड, जुनी दारं

मैत्रिणींनो, परवा अंबडला लग्नाला गेलो होतो. मांडवाबाहेर दोन स्कॉर्पिओ शेजारी शेजारी उभ्या. एक आमची, बारा-तेरा वर्षांची. दुसरी पाहुण्यांची, नव्या तोंडाची. सगळी पुरुषमंडळी नवीच्या भोवती. पुतण्या म्हणाला, "काकू, आपली विकू अन् ही घेऊ. लूकच वेगळा आहे हिचा!" उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं. तीर्थपुरीला येईपर्यंत गाडीत दुसरा विषय नाही.

पण मी निघताना दोन्ही गाड्या नीट निरखून घेतल्या होत्या. समोरची जाळी, दिवे, बंपर नवे. दारं अन् छप्पर मात्र तेच! असं का, म्हणून जाणकारांना विचारलं. पत्रा दाबून दारं-छप्पर घडवायचे साचे फार महाग असतात म्हणे. म्हणून मॉडेल जुनं झालं, मागणी उतरली, की कंपन्या स्वस्तात बदलता येतं ते बदलतात. याला म्हणायचं फेसलिफ्ट. आपण जुन्या साडीला नवे काठ लावतो, तसंच. काठ जुळले तर साडी खुलते, नाही तर ठिगळ दिसतं.

स्कॉर्पिओ २००२ साली आली, आपल्या नाशिकच्या कारखान्यातून. चेहरा साधा, पण अंगाला शोभणारा. पुढे २००६, २००९ मध्ये थोडे बदल झाले. २०१४ मध्ये खालची चेसी नवी आली, वर दिवे अन् जाळी भारदस्त झाली, दारं-छप्पर मात्र जुनंच. २०२२ च्या 'क्लासिक'ला पुन्हा नवी जाळी. खरं सांगू? समोरून रुबाब वाढला, पण बाजूनं पाहिलं की तोंड एकीचं अन् अंग दुसरीचं वाटतं. मला तरी पहिलीच देखणी वाटते.

अन् दिसण्यापलीकडचं काय? ग्लोबल एनकॅप या संस्थेनं २०१६ मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आदळून तपासली. मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे! तोंड तर दोनच वर्षांपूर्वी सजलेलं होतं. २०२२ मध्ये मुळापासून नवी घडवलेली 'स्कॉर्पिओ-एन' आली, तिला पाच तारे मिळाले. उलटं उदाहरण पुण्याच्या इंडिकाचं. १९९८ मध्ये ती आली तेव्हा तक्रारी खूप झाल्या. २००१ च्या 'व्ही-टू'त तोंड जवळपास तेच ठेवून आतल्या उणिवा दूर केल्या, अन् लोकांनी ती उचलून धरली.

घरी आल्यावर पुतण्याला म्हटलं, "बाळा, गाडीत बसल्यावर आपल्याला तिचं तोंड दिसतं का रे? घ्यायचीच तर आधी एअरबॅगा किती, मागच्या सीटला पट्टे आहेत का, आजीला चढता येईल का, ते बघ." सासूबाई लगेच म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना विचारा आधी!" भाऊजी हसले, पण पटलं त्यांना. सध्या जुन्या गाडीला चार नवे टायर घातलेत. उरलेल्या पैशांतून पुतणीची नर्सिंगची फी भरली.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी गाडीचा विषय निघाला की चहा देऊन आत जाऊ नका. तिथंच बसा अन् हे प्रश्न विचारा. त्या गाडीत आपली लेकरंही बसणार आहेत.