बॉनेटखालची अदलाबदल

महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपचं बॉनेट इतकं उंच का, याचं उत्तर त्या बॉनेटखालीच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये 'गो डेव्हिल' हे इंजिन होतं. चार सिलेंडर, २१९९ सीसी, ६० अश्वशक्ती, आणि सगळे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये बसवलेले. विलीजचे मुख्य अभियंते बार्नी रूस यांनी ४८ अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनावर मेहनत घेऊन ते ६०वर नेलं होतं. त्याचाच पुढचा अवतार म्हणजे 'हरिकेन'. बोअर आणि स्ट्रोक तेच ठेवले, पण इनटेक व्हॉल्व्ह उचलून हेडमध्ये नेले. एक्झॉस्टचे मात्र ब्लॉकमध्येच राहिले. ताकद सत्तरीपार गेली आणि इंजिनाची उंचीही वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ साली विलीजने बॉनेटच वर उचललं. ज्या चेहऱ्यावर आज जीपवेडे जीव टाकतात, तो इंजिनबदलातून आलेला आहे.

महाराष्ट्राने हाच चेहरा सर्वांत जास्त पाहिला. महिंद्राने १९४९ साली मुंबईत माझगावला विलीजची जुळणी सुरू केली, आणि पुढे साखर कारखाना, पंचायत समिती, आरोग्य केंद्र, वनखातं अशा प्रत्येक आवारात ही गाडी उभी दिसू लागली. चासिस जाड, पत्रा जाड, पाटे दणकट. त्यामुळे इंजिन थकलं तरी गाडी मोडीत निघत नसे. इंजिन पुन्हा बांधायचं की दुसरं बसवायचं, हा प्रश्न म्हणूनच जीपवाल्यांच्या दोन-तीन पिढ्यांना पडत आला आहे. प्रत्येक काळाने त्याचं उत्तर वेगळं दिलं, आणि ती उत्तरं जवळून पाहिली की गाडी म्हणजे काय हे नीट कळतं.

पहिलं मोठं उत्तर डिझेलचं होतं. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. हरिकेन तर जोर मागितला की मनसोक्त पिणारं इंजिन. महिंद्राची इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची भागीदारी १९६३पासून होतीच. बी-२७५ ट्रॅक्टर खेड्यापाड्यांत पोचला होता. त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं, कंपनीतूनही आणि गॅरेजमधूनही. सुटे भाग तालुक्याला मिळत आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री जीपही दुरुस्त करी. शेतकऱ्याला याहून काय हवं होतं?

पण एक हिशेब चुकत होता. सीजे-३बीच्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला टॉप गिअरमध्ये इंजिनाचे जवळजवळ साडेपाच फेरे. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २४०० फेरे करतं. हरिकेनला त्याचं काही वाटत नाही, ते ४०००पर्यंत जाणारं इंजिन आहे. ट्रॅक्टरचं इंजिन मात्र मिनिटाला दोन हजारांच्या आतबाहेर दिवसभर ओढकाम करण्यासाठी बांधलेलं. ते तसंच उचलून ठेवलं की जीप पन्नाशीतच ओरडायला लागते. पहिल्या गिअरमध्ये घाट चढते, चिखलातून निघते, पण हमरस्त्यावर मागच्या ट्रकला वाट द्यावी लागते. इंजिनबदलातला पहिला धडा इथे आहे. इंजिन निवडताना अश्वशक्तीच्या आधी डिफरन्शियलचं प्रमाण विचारावं. बहुतेक जण ते सगळ्यात शेवटी विचारतात.

कंपनीने पुढे हा मेळ चांगला साधला. १९७९ साली महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेलचा परवाना घेतला. चार सिलेंडर आणि ९० मिलिमीटर बोअर हे नावातच आहे. स्ट्रोक ८३, एकूण २११२ सीसी. हरिकेनचं याच्या उलट: बोअर ७९ मिलिमीटरच्या आसपास आणि स्ट्रोक १११. लांब स्ट्रोकचं ते जुनं इंजिन कमी फेऱ्यांत ओढत असे. प्यूजो मोटारीसाठी बनलेलं, त्यामुळे डिझेल असूनही फिरायला मोकळं. इगतपुरीच्या कारखान्यात ही इंजिनं बनू लागली आणि एमएम-५४०सारख्या गाड्यांत बसली. पुढे त्याच घराण्यातलं २४९८ सीसीचं एक्सडी-३पी आलं. आज 'जुन्या जीपमध्ये प्यूजो टाकलंय' असं मालक छाती फुगवून सांगतो तेव्हा मला ते पटतं. या बदलात गिअरबॉक्स, क्लच आणि वेग यांचं जमलेलं असतं, आणि इंजिन नाशिक जिल्ह्यातच बनलेलं असल्यामुळे त्याची खोड ओळखणारे मिस्त्री आजही सापडतात. एक काळजी मात्र घ्यावी लागते. त्याचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. एकदा पाणी संपून तापलं की वाकतं किंवा तडकतं. जुनं प्यूजो विकत घेताना आवाज ऐकण्याआधी हेड उतरवून सपाटी तपासावी.

दुसरा रस्ता पुण्याच्या बजाज टेम्पोकडून आला. त्यांच्या ट्रॅक्स गाडीतलं ओएम-६१६ हे मर्सिडीजच्या घराण्यातलं २३९९ सीसीचं इंजिन. जड आणि चिवट, नीट तेल-पाणी पाहिलं तर थकता थकत नाही. ते जीपमध्ये बसवणाऱ्यांनी कामाचा खरा आवाका पाहिला. बेल हाउसिंग जुळत नाही, म्हणून मधे लेथवर कातलेली जाड प्लेट घालावी लागते. त्या प्लेटचा मध्य केसभर जरी चुकला तरी गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग काही महिन्यांत कुरकुरू लागतं. पुढचं वजन वाढतं, पाटे बसतात. पाटे बसले की पुढचा ॲक्सल वर येतो, आणि खड्ड्यात उसळी घेतली की डिफरन्शियलचा गोळा इंजिनाखालच्या तेलाच्या सम्पवर आपटतो. म्हणून माउंटिंग वेल्ड करण्याआधी गाडी पूर्ण दाबून, सम्प आणि ॲक्सल यांच्यात चार बोटं जागा उरते का ते पाहायचं. रेडिएटर, पंखा, स्टिअरिंगचा दांडा, सायलेन्सर यांचं नंतर.

मारुती जिप्सीची कथा थोडक्यात सांगतो. १९८५ साली ती ९७० सीसीच्या इंजिनाने आली, १९९६ला १२९८ सीसी मिळालं, २०१९मध्ये सर्वसामान्यांसाठीचं उत्पादन थांबलं. छोट्या इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं मोठं, तेही त्याच्या गिअरबॉक्ससकट घातलं, तर काम सरळ होतं. जिप्सीत डिझेल बसवणारेही कमी नाहीत. तिथे एक गोष्ट जिवावर बेतू शकते. पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये निर्वात तयार होतो आणि त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. बहुतेक डिझेल इंजिनांत तो निर्वात मिळत नाही. अल्टरनेटरला जोडलेला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो न लावता गाडी रस्त्यावर काढणारे लोक आहेत. उताराला ब्रेक दगडासारखा कडक लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मूळ इंजिन पुन्हा बांधणं हे मला या सगळ्यांहून मोठं काम वाटतं, आणि त्याला हवा तेवढा मान मिळालेला नाही. हरिकेन टेबलावर सुटं मांडलं की त्याचा क्रँक पाहावा. तीन मेन बेअरिंग, त्यामुळे मधल्या जर्नलवर भार मोठा. मिस्त्री मायक्रोमीटर त्या जर्नलवर एकदा आडवा आणि एकदा उभा लावतो. दोन मापांत फरक आला की जर्नल लंबगोल झालाय. नखाने चर लागला तर ग्राइंडिंग ठरलेलंच. ग्राइंडिंग इंचाच्या हजारांश भागांत, दहा, वीस, तीस अशा पायऱ्यांनी होतं आणि बेअरिंग त्याच मापाची घ्यावी लागतात. बोअरचंही तसंच: पिस्टन आधी हातात आणून, त्याचं माप घेऊन मगच बोअर मारायचं. डब्यावर छापलेल्या आकड्यावर बोअर मारलं की पिस्टन एक तर खडखडतो, नाही तर अडकतो.

रिंग बसवण्याआधीची चाचणी तर बघत राहावी अशी. रिंग बोअरमध्ये सोडून पिस्टनच्या पाठीने खाली सरळ ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमध्ये फीलर गेज घालायचा. बोअरच्या दर इंचाला तीन ते चार हजारांश इंच, या हिशेबाने हरिकेनला साधारण बारा हजारांश म्हणजे ०.३ मिलिमीटर फट हवी. कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडून रिंग तुटते. कमी भरली तर कानस घेऊन बसायचं, एक घास घ्यायचा, पुन्हा मोजायचं. घाईत असलेल्या गॅरेजमध्ये ही पायरी सर्रास गाळली जाते. व्हॉल्व्हच्या टॅपेटची फट ठेवायची ती थंड इंजिनावर, इनटेकला १८ आणि एक्झॉस्टला १६ हजारांश. एक्झॉस्टसाठी बाजूचं झाकण उघडून, मॅनिफोल्डखालच्या अडचणीत हात घालावा लागतो. म्हणूनच जुन्या जीपांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेले सापडतात. वरचे सगळे पाहतात, खालचे कुणी पाहत नाही.

हे काम महाराष्ट्रात अजून होतं त्याचं मोठं श्रेय कोल्हापूरकडे जातं. ऑइल इंजिनं बनवत वाढलेल्या तिथल्या उद्यमनगरात फाउंड्री, लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग शेजारी शेजारी आहेत. जो भाग बाजारातून गेला, तो नमुना दाखवून तिथे ओतून आणि कातून मिळतो. घासलेल्या सिलेंडरमध्ये स्लीव्ह घालून मूळ माप परत आणायचं कसब तिथल्या हातांत आहे. कुठल्याही कंपनीच्या भाग-क्रमांकापेक्षा जीपला या हातांचा आधार जास्त आहे.

पेट्रोल इंजिन बांधणाऱ्याला अलीकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच उसाचं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच. पण १९६०-७०च्या दशकांतले रबरी पाइप, फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचे गॅस्केट यांना ते मानवत नाही. फुगतात, चिरतात, गळतात. गरम मॅनिफोल्डशेजारी गळणारं पेट्रोल हा आगीचा प्रश्न आहे. इंजिनावर लाखभर खर्च करून पाइप जुनाच ठेवणं मला समजत नाही. इथेनॉलला टिकणारे पाइप आणि डायफ्रॅम घालावेत आणि मिश्रण थोडं दाट ठेवण्यासाठी जेट तपासून घ्यावेत.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुळवलेल्या उघड्या जीपांचा बाजार कितीही मोहक असला तरी इकडे आणून कागद जुळवताना माणूस मेटाकुटीला येतो. त्याच बनावटीचं आणि प्रकारचं इंजिन घालायचं असलं तरी आधी मंजुरी, मग नव्या क्रमांकाची नोंद, हा क्रम सोडू नये. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथे निरीक्षक आधी ब्लॉकवरचा क्रमांक पाहतो, आणि पुस्तकातल्या क्रमांकाशी तो जुळला नाही तर पुढचं काहीच बघत नाही. भंगारातून इंजिन घेणाऱ्याने म्हणूनच पैसे देण्याआधी त्या क्रमांकावरचं ग्रीस पुसावं, आकडे घासलेले किंवा नव्याने ठोकलेले नाहीत ना हे उजेडात पाहावं, आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या मोडीचा कागद हातात आल्याशिवाय चेन-पुली लावू नये.