आवाज कमी, धूर तेवढाच : गावाकडच्या घरासाठी जनरेटर घेताना



सिंगापूरमध्ये राहून एक सवय लागते. वीज जाऊ शकते हेच आपण विसरून जातो. १८ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे इथल्या बऱ्याच भागांत वीज गेली, तर तासाभराच्या आत ती परतही आली आणि तरी दुसऱ्या दिवशी ती मोठी बातमी होती. पण आपल्यापैकी बहुतेकांची दोन घरं आहेत. एक इथलं, आणि दुसरं जिथे आई-बाबा आहेत ते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरात अनेक घरं दिवसेंदिवस अंधारात होती.

अशा बातम्या आल्या की इथून फोन जातो, "बाबा, एक जनरेटर घेऊन टाकू या. हल्ली छोटे, आवाज न करणारे मिळतात." विचार चांगला आहे. तो घ्यायचा कसा आणि वापरायचा कसा, ते आज पाहू.

पहिला प्रश्न : जनरेटर लागतोच का?

दिवसाला दोन-तीन तास लाइट जात असतील, तर इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरते. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. प्रत्यक्षात हाताशी येतात हजार-बाराशे. पंखे, दिवे आणि वायफायला तेवढे पुष्कळ झाले. पण घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल, तर पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट खातं, म्हणजे बॅटरी तीनेक तासांत संपली. जनरेटरची गरज इथे सुरू होते. आमच्या आयटीत डेटा सेंटरची रचना अशीच असते. पहिली काही मिनिटं बॅटरी सांभाळते, पुढचे तास आणि दिवस जनरेटर. घरीही दोघांना एकमेकांचे पर्याय समजू नका. कॉन्सन्ट्रेटरवर माणूस अवलंबून असेल, तर डॉक्टरांना विचारून भरलेला सिलिंडर घरात हवाच. यंत्र बिघडू शकतं.

दुसरा प्रश्न : केवढा घ्यायचा?

दुकानात जाण्याआधी कागद घ्या. कॉन्सन्ट्रेटर ३५०, फ्रिज १५०, दोन पंखे १५०, पाच एलईडी दिवे ४५, राउटर आणि मोबाइल ३०. बेरीज ७२५ वॅट. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट वीज ओढतो. तेव्हा फ्रिजचे १५० ऐवजी ६०० धरा, बेरीज ११७५ होते. त्यावर पाव हिस्सा राखीव ठेवला की दीड हजार वॅटच्या आसपास येतो. म्हणजे लहान जनरेटर पुरतो. एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर मात्र चालताना हजारभर वॅट आणि सुरू होताना त्याच्या तिप्पट मागते. लहान जनरेटरवर ती लावू नका. टाकी लाइट असतानाच भरून ठेवायची.

पत्रकात दोन आकडे असतात, 'मॅक्सिमम' आणि 'रेटेड'. जाहिरातीत पहिला मोठा छापतात. तुम्ही दुसरा पाहा, कारण तासन्‌तास मिळणारी वीज तीच. केव्हीए आणि वॅटही एक नव्हेत. दोन केव्हीएच्या काही जनरेटरांतून १६०० वॅटच मिळतात. म्हणून वॅट किती, ते स्पष्ट विचारा.

तिसरा प्रश्न : कमी आवाजाचा म्हणजे काय?

साध्या लहान जनरेटरचं इंजिन ५० हर्ट्झची वीज देण्यासाठी सतत मिनिटाला ३००० फेरे मारतं, मग एक दिवा लावा नाहीतर दहा. इन्व्हर्टर जनरेटर आधी विजेचं डीसी करतो आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून पुन्हा स्वच्छ एसी. त्यामुळे लोड कमी असेल तेव्हा इंजिन हळू चालू शकतं. आवाज उतरतो, पेट्रोल वाचतं, आणि नाजूक उपकरणांना सरळ वीज मिळते. वैद्यकीय यंत्र चालवायचं असेल तर हाच प्रकार घ्या. अशा लहान जनरेटरची साडेतीन-एक लिटरची टाकी पाव लोडला सात-आठ तास जाते, पूर्ण लोडला तीनेक तास.

डेसिबलचा आकडा किती अंतरावर मोजलाय, तेही विचारा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. सात मीटरवर मोजलेला ५८ आणि एक मीटरवर मोजलेला ५८ यांत १७ डेसिबलचा फरक आहे. भारतात निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्यांचा मोबाइल चार्ज करून दिलात तर तक्रारही येणार नाही.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं.

मोठ्या आवाजाचा जनरेटर माणूस आपोआपच लांब ठेवतो. कमी आवाजाचा जवळ आणतो. पावसात भिजू नये म्हणून पडवीत, चोरीला जाऊ नये म्हणून जिन्याखाली, फ्लॅट असेल तर बाल्कनीत. आवाज सोसवतो, म्हणून कोणाला काही वावगं वाटत नाही. पण आवाज कमी झाला म्हणून धुरातला कार्बन मोनॉक्साइड कमी होत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. रात्री झोपेतच हे झालं, तर पहाटेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्या बाबांसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालवतोय, त्यांच्याच खोलीत हा वायू शिरू शकतो.

म्हणून नियम एकच : जनरेटर उघड्यावर, घरापासून किमान सहा मीटर लांब, धुराचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला. पावसासाठी वर छप्पर चालेल, पण चारही बाजू मोकळ्या हव्यात. खिडक्या उघड्या ठेवल्या की भागेल, असं समजू नका. ज्या घराला अंगण किंवा मोकळी जागा नाही, त्या घरासाठी पेट्रोलचा जनरेटर नाहीच. तिथे मोठी बॅटरी घ्या. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावा.

दुसरा धोका वायरचा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायची, हा जुगाड बऱ्याच ठिकाणी दिसतो. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर तिचे ११ हजार व्होल्ट करतो, आणि तिकडे लाइन बंद आहे असं समजून वायरमन काम करत असतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घ्या. ते होईपर्यंत उपकरणं जाड वायरच्या एक्स्टेंशनने थेट जनरेटरला जोडा.

आता खरेदी. इथून नेऊ नका. सिंगापूर आणि भारतात वीज सारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पण जनरेटर बिघडला तर दुरुस्ती गावाजवळच व्हायला हवी. अमेरिकेतल्या मंडळींनी तर विचारही करू नये, तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथून बॅटरीवाला पॉवर स्टेशन नेऊ म्हणाल, तर १६० वॅट-अवरपेक्षा मोठी सुटी लिथियम बॅटरी प्रवासी सामानातून नेता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हिस कोण देतं, ते आधी विचारा आणि मग कंपनी निवडा. दोरी ओढायची ताकद सत्तरीच्या आईच्या हातात नसेल, तर बटणावर सुरू होणाराच घ्या. वजनही पाहा. वीस किलो दोघांनी उचलता येतात, साठ किलो नाही.

शेवटचं काम कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्यातून एका रविवारी, इथले साडेअकरा म्हणजे तिकडचे नऊ, व्हिडिओ कॉल लावा. ऑइल पाहायचं, जनरेटर बाहेर न्यायचा, सुरू करायचा, फ्रिज आणि कॉन्सन्ट्रेटर जोडून वीस मिनिटं चालवायचा. पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं की खराब होतं आणि कार्बुरेटर चोंदतो. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच. आई-बाबांबरोबर शेजारच्या एखाद्या तरुणालाही हे शिकवा, कारण वादळाच्या रात्री तुमचा कॉल लागणार नाही. तपासून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, हे आमच्या धंद्यातलं वाक्य घरालाही लागू आहे.

तर मंडळी, या आठवड्यात दोनच गोष्टी करा. वॅटची यादी बनवा, आणि घरी फोन करून विचारा, "जनरेटर आणला तर ठेवाल कुठे?" उत्तर "पडवीत" किंवा "बाल्कनीत" आलं, तर खरेदीआधी जागेचं ठरवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि तिकडच्यांचीही घ्या. नमस्कार!