वायूंच्या लक्ष्याचा कायदा आणि शेतकऱ्याचे खाते

वीजकेंद्रे, कारखाने, मोटारी आणि काही अंशी शेती यांतून हवेत जाणारे उष्णताधारक वायू अमुक सालापर्यंत अमुक इतके कमी झाले पाहिजेत, असे बंधन घालणारे कायदे गेल्या वीस वर्षांत जगातील अनेक देशांनी व राज्यांनी केले आहेत. महाराष्ट्राने असा कायदा केलेला नाही. तथापि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी या विषयाची ओळख आताच करून घेणे इष्ट होय. असा कायदा उद्या विचारासाठी पुढे आला, तर बैल, युरिया आणि विहिरीवरील पंप यांचा हिशेब कोणाच्या नावे व कोणत्या मापाने धरावयाचा हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहील. आणि हिशेबाची रीत एकदा कायद्यात बसली म्हणजे ती बदलणे कठीण जाते. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्याचे वालूर गाव डोळ्यांपुढे ठेवून हा विषय येथे मांडला आहे.

या वायूंना हरितगृह वायू म्हणतात. सूर्याची ऊब ते पृथ्वीभोवती अडवून धरतात. शेतकऱ्याचा संबंध यांपैकी तिघांशी येतो. कोळसा, डिझेल किंवा लाकूड जळाले म्हणजे कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, निघतो. गुरांच्या पोटात चारा आंबताना आणि शेण पाण्यात कुजताना मिथेन निघतो. नत्रयुक्त खताचा काही भाग जमिनीतील जिवाणूंच्या क्रियेने नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो. शंभर वर्षांच्या मुदतीचा विचार केल्यास एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कर्बवायूइतका, आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २६५ किलो कर्बवायूइतका उष्णताधारक धरतात. म्हणून सर्व वायूंचा हिशेब कर्बवायूच्या किलोत किंवा टनात मांडण्याची वहिवाट आहे.

योजना आणि कायदा यांतील अंतर

योजना आणि कायदा यांत काय अंतर आहे, हे मराठवाड्यातील जुन्या शेतकऱ्यास समजावून सांगावे लागू नये. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, ती योजना म्हणून. योजना शासनाच्या इच्छेवर व त्या सालच्या तरतुदीवर चालते. पुढे १९७७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने रोजगार हमीचा अधिनियम संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यानंतर काम मागणे हा मजुराचा हक्क झाला व काम देणे हे शासनावर बंधन झाले. खोदकाम तेच राहिले, पण जबाबदारी कोणाची हे ठरले.

वायूंच्या बाबतीतही हेच अंतर ध्यानात ठेवावे. महाराष्ट्राने २०१४ साली हवामान बदलाविषयी राज्य कृती आराखडा तयार केला. ऑक्टोबर २०२० मध्ये माझी वसुंधरा अभियान सुरू झाले. मुंबई महानगराचा कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्याचे उद्दिष्ट घातले गेले. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्यास गावोगावी पोकरा म्हणून ओळखतात, परभणीसह मराठवाड्याच्या जिल्ह्यांत राबविला गेला. ही सर्व कामे उपयुक्त आहेत. परंतु त्यांतील उद्दिष्टे ही आराखड्याची व कार्यक्रमाची आहेत, अधिनियमाची नव्हेत. उद्दिष्ट चुकले तर कोणी कोणास जाब द्यावयाचा, हे त्यांत लिहिलेले नसते.

कायद्याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे आहे. त्या राज्याने २००६ साली कायदा करून ठरविले की, २०२० पर्यंत राज्यातील एकूण वायू १९९० च्या पातळीवर आणावयाचे. मोजणी व नियम करण्याचे काम राज्याच्या वायुसंपदा मंडळाकडे दिले. हे लक्ष्य २०१६ सालीच, म्हणजे मुदतीपूर्वी चार वर्षे, गाठले गेले, व त्यात मोठा वाटा वीजनिर्मितीतील बदलाचा होता. त्याच वर्षी दुसरा कायदा करून २०३० पर्यंत १९९० च्या मानाने ४० टक्के कपात ठरविण्यात आली. अशा कायद्यात चार गोष्टी पाहावयाच्या असतात: कोणत्या सालाशी तुलना, कोणत्या सालापर्यंत, किती, आणि मोजणार कोण. या चारांपैकी पहिली व शेवटची या बहुधा दुर्लक्षित राहतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या असतात.

कॅलिफोर्नियाने गोठ्यांसंबंधीही २०१६ साली वेगळा कायदा केला. मिथेन २०३० पर्यंत २०१३ च्या मानाने ४० टक्के कमी करावयाचा, पण गुरे पाळणाऱ्यांवर सक्तीचा नियम १ जानेवारी २०२४ पूर्वी लागू करावयाचा नाही, असे त्यातच म्हटले. मधल्या काळात शेणावर झाकणे घालणे, वायू धरणे, शेण कोरडे करणे यांसाठी अनुदाने देण्यात आली. मदत आधी व नियम नंतर, हा क्रम आमच्या मते योग्य होय. मात्र तेथील गोठ्यांत हजारो गाईंचे शेण पाण्याने वाहून मोठ्या डोहांत साठविले जाते, व अशा डोहात मिथेन फार निघतो. वालूरच्या उकिरड्यावर शेण कोरडे पडते. तेथे मिथेन त्याच्या मानाने थोडाच होतो. तेव्हा तेथील कलम उचलून येथे लावण्यात अर्थ नाही.

आपल्या देशाची बाजू

भारताने २०२२ साली जाहीर केल्याप्रमाणे २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागे निघणारे वायू २००५ च्या मानाने ४५ टक्क्यांनी कमी करावयाचे आहेत, आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य गाठावयाचे आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन कर्बपत्रांच्या व्यापारास आधार मिळाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद इत्यादी उद्योगांतील कारखान्यांना दर टन उत्पादनामागे वायूंची मर्यादा नियमांनी घालून देण्यात आली. या नियमांत शेती नाही. आंतरराष्ट्रीय परिषदांतही शेतीतील वायू हे पोटापाण्याचे वायू आहेत, चैनीचे नव्हेत, अशीच भारताची भूमिका राहिली आहे. २०२१ सालच्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सामील झाला नाही.

२०२० सालच्या राष्ट्रीय हिशेबात देशाचे एकूण वायू सुमारे २९६ कोटी टन कर्बवायूइतके होते. त्यांत ऊर्जेचा वाटा सुमारे ७६ टक्के आणि शेती व पशुपालन यांचा सुमारे १४ टक्के होता. तथापि संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शेती हा विषय राज्यसूचीत येतो. राज्याने स्वतःचा कायदा करावयाचे मनात आणले, तर शेतीचा प्रश्न त्यास टाळता येणार नाही.

पाच एकरांचे खाते

आता हिशेब करून पाहू. समजा, वालूरच्या शिवारात पाच एकर काळी जमीन असलेला एक शेतकरी आहे. तो कापूस, सोयाबीन व तूर घेतो. वर्षास युरियाच्या आठ गोण्या वापरतो. दावणीस एक बैलजोडी व एक दुभती गाय आहे. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप असून तो वर्षात ६० दिवस, दररोज आठ तास चालतो.

युरियाची गोणी ४५ किलोची असते व तीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो असते. आंतरराष्ट्रीय गणनेत साधारणपणे शेकडा एक भाग नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडते असे धरतात. त्याचे कर्बवायूत रूपांतर केल्यास सुमारे ८६ किलो येतात. शिवाय युरिया विरघळताना त्यातील कर्ब सुटतो, तो सुमारे ३३ किलो. म्हणजे गोणीमागे जवळजवळ १२० किलो, आणि आठ गोण्यांचे ९६० किलो.

गुरांसाठी २००६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातील दुभत्या गाईस वर्षास ५८ किलो व इतर गोवंशास २७ किलो मिथेन धरला आहे. त्यावरून बैलजोडीचे ५४ किलो मिथेन, म्हणजे सुमारे १,५१० किलो कर्बवायू, आणि गाईचे सुमारे १,६२० किलो होतात. पंपास दिवसाला सुमारे ३० युनिट, म्हणजे वर्षास १,८०० युनिट वीज लागते, युनिटमागे ०.७ किलो धरल्यास १,२६० किलो होतात. सर्व मिळून बेरीज साडेपाच टनांच्या आतच राहते. घरात पाच माणसे असतील, तर शेतीपोटी माणशी एक टनाहून किंचित अधिक.

या बेरजेत एक दुरुस्ती तात्काळ केली पाहिजे. पंपाच्या विजेचा धूर वालूरला निघत नाही; तो परळीसारख्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतो व राष्ट्रीय हिशेबात ऊर्जेच्या सदरात लिहिला जातो. तोच धूर शेतकऱ्याच्या नावे पुन्हा लिहिल्यास एकच रक्कम दोन खात्यांत पडते. पंपाचे १,२६० किलो वगळले म्हणजे सुमारे ४,१०० किलो उरतात, आणि त्यांतील चार भागांपैकी तीन भाग गुरांचे आहेत.

येथे धोका स्पष्ट होतो. शेतीच्या वायूंत सरसकट अमुक टक्के कपात, असे लक्ष्य कायद्यात घातले, तर कागदावरील सर्वांत सोपा उपाय म्हणजे बैलजोडी विकणे. बैलजोडीच्या १,५१० किलोंची बरोबरी करण्यास ट्रॅक्टरला सुमारे ५६० लिटर डिझेल जाळावे लागेल, आणि पाच एकरांस तितके कधीच लागत नाही. हिशेब सुधारलेला दिसेल. पण शेणखत जाईल, युरियाची गोणी वाढेल, आणि नांगरणीपासून मळणीपर्यंत भाडे रोखीने मोजावे लागेल. लाल कंधारीसारखी या भागातील जात केवळ आकड्यांच्या सोयीसाठी दावणीवरून उतरविणे हे शहाणपणाचे नाही.

मापाची निवडही किती फरक करते ते पाहा. अमेरिकेतीलच न्यूयॉर्क राज्याच्या २०१९ च्या कायद्याने वायूंचा परिणाम शंभर नव्हे, वीस वर्षांच्या मुदतीवर मोजावयाचे ठरविले. त्या मुदतीत मिथेन सुमारे ८४ पट धरला जातो. बैल तेच, वैरण तीच. आकडा मात्र १,५१० वरून ४,५०० किलोंच्या पुढे जातो. उलट न्यूझीलंडने २०१९ च्या कायद्यात गुरांच्या मिथेनचे लक्ष्य इतर वायूंपासून वेगळे ठेवले. जमिनीतून पिकलेल्या वैरणीतील कर्ब आणि जमिनीखालून काढलेल्या कोळशातील कर्ब यांना एका तराजूत न घालण्याची ही रीत महाराष्ट्रास अधिक मानवेल असे वाटते.

याचा अर्थ शेतकऱ्याने काहीच करू नये असा नव्हे. ज्यात खर्च वाचतो ते आजच करावे. सोयाबीनच्या बियाण्यास रायझोबियम चोळल्यास नत्राची गरज कमी होते. माती परीक्षणाप्रमाणे व ओल पाहून युरियाचे हप्ते दिल्यास गोणी दोन गोणी वाचतात. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवल्यास गुलाबी बोंडअळीस आश्रय मिळतो व जाळल्यास जमिनीचे अन्न जाते. ती बारीक करून कुजविणे दोन्ही दृष्टींनी चांगले. गाईस समतोल आहार मिळाला तर दुधाच्या दर लिटरमागे मिथेन कमी पडतो. सौर पंपाने दिवसा पाणी देता येते, हा तर रात्रपाळीने दारे धरणाऱ्यास सांगावयास नको असा लाभ आहे.

आधारवर्षाची नोंद

सर्वांत कमी चर्चा होते ती आधारवर्षाची. वालूरला गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची जुनी बारव आहे. गावकऱ्यांनी ती स्वच्छ केली आहे. अशा बारवेत पाणी किती खाली गेले हे सांगावयाचे तर आधी ते कितव्या पायरीवर होते याची आठवण हवी. लक्ष्याच्या कायद्याचेही तसेच आहे. समजा, २०३० हे आधारवर्ष ठरले. ज्याने २०२६ सालीच युरिया आठ गोण्यांवरून पाचांवर आणला, त्याची गणना पाचांपासून सुरू होईल. ज्याने काहीच केले नाही, त्यास आठांपासून उतरावयाचे असल्याने सहज श्रेय मिळेल. आधी सुधारला तो मागे पडला, असा हा उलटा न्याय टाळण्यास एकच साधन आहे, ते म्हणजे जुनी नोंद.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक इच्छुक शेतकऱ्याकडून एक वही ठेववावी. तीत दर हंगामास पीक व क्षेत्र, खताच्या गोण्या व त्यांच्या पावत्या, दावणीची जनावरे, पंपाचे दिवस, बांधावर लावलेली व जगलेली झाडे, आणि पऱ्हाटीचे काय केले हे लिहावे. पोकराखाली ज्या कामांची नोंद आधीच झाली आहे, तिची प्रत वहीस जोडावी.

या वहीचा उपयोग आणखी एका प्रसंगी होईल. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतील ऐच्छिक कर्बबाजारासाठी चौकट जाहीर केली, आणि झाडे लावणे किंवा मशागत कमी करणे याबद्दल पैसे देण्याचे करार घेऊन मध्यस्थ गावात येऊ शकतात. करार मराठीत आहे काय, मुदत किती वर्षांची आहे, विक्रीच्या रकमेतील किती वाटा शेतकऱ्यास व केव्हा मिळणार, झाड वाळले किंवा जमीन विकली तर भरपाई कोणी द्यावयाची, आणि मोजणीचा खर्च कोणाचा, हे पाच प्रश्न सहीपूर्वी विचारावेत. उत्तरे तोंडी दिली जात असतील तर सही करू नये. करारावर आधारवर्ष कोणते लिहिले आहे ते वहीतील नोंदीशी ताडून पाहावे, आणि दोहोंत फरक आढळल्यास तो दुरुस्त करून मगच पुढील बोलणे करावे.