वय झालं, की आजार जडला?

"नाव अगदी ओठावर आहे, पण आठवत नाही!" भोपाळच्या पिपलानीत, भेलच्या वसाहतीत, निवृत्तांच्या गप्पांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. इथली भेल म्हणजे पूर्वीची हेवी इलेक्ट्रिकल्स; तिची स्थापना १९५६ ची. कारखाना उभा राहत असताना विशीत रुजू झालेले कामगार आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. नाव पाच मिनिटांनी आठवतंही, पण तोवर घरच्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकलेली असते.

बहुतेक वेळा हे निव्वळ वयाचं काम असतं. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांमार्फत. त्यांतलं एक डोपामाइन. ते स्वतःच निरोप्या असल्याचं स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५०च्या दशकात दाखवलं आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. हे रसायन टिपणारी ग्राहकं तरुणपणानंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास घटत जातात. त्यामुळे विचारांचा वेग मंदावतो, एकाच वेळी दोन कामं सांभाळणं जड जातं. शब्दसंग्रह आणि अनुभवातून आलेली जाण मात्र बराच काळ शाबूत राहते.

डोळे-कानही बदलतात. डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान होते; साठीत दृष्टिपटलापर्यंत विशीच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. कानांना आधी उंच पट्टीचे आवाज दुरावतात, म्हणून 'स', 'श' नीट कळत नाहीत. यंत्रांच्या गोंगाटात वर्षं काढलेल्यांना हा त्रास अधिक. ऐकण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडली, तर लक्षात ठेवायला ती कुठून उरणार? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. बहिरेपण त्यांत आहे.

काही विसराळूपणा तर बरा होणारा असतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तिच्यावर मोठं संशोधन केलं आहे. थायरॉइडचा बिघाडही डोकं सुस्त करतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन स्मरणाला लागणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनच्या कामात अडथळा आणतं. अल्झायमरमध्ये हेच रसायन घटतं. डोनेपेझिलची गोळी त्याचं विघटन रोखते, पण आजार मुळातून बरा करत नाही.

हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. निरक्षरांतही हा फरक होता. २०१३ च्या या निष्कर्षाला पुढच्या सगळ्याच अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही. तरीही घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या भोपाळच्या मराठी कुटुंबांनी घरची भाषा सोडू नये, याला हे एक चांगलं कारण आहे.

भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे नव्वदहून अधिक टक्के लोकांना तो नाही. पण ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं, नेहमीचा हिशेब न जमणं ही लक्षणं 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या आणि बी-१२, थायरॉइड व कानांची तपासणी करायची का, हे आवर्जून विचारा.